सॉरी नव्हे, सरी

आमच्या व्याह्यांच्या डाव्या कानामागे पिस्तुलाची नळी टेकलेली होती, विमानाची दारं बंद होती, बाहेर परक्या देशातलं वाळवंट तापलं होतं आणि पिस्तूलवाला हिंदीत सांगत होता, "खाली बस, नाहीतर उडवीन." त्या वेळी आमचे व्याही एकच शब्द बोलले, आणि त्या एका शब्दावरून ते आजतागायत साऱ्या जगाशी भांडत आहेत. भांडखोर माणसं मी पुष्कळ पाहिली. यशवंतपूरच्या बाजाराच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवली म्हटल्यावर रोजच पाहिली. पण एका शब्दासाठी उभा जन्म भांडून न दमलेला माणूस या बेंगळुरूत दुसरा नसेल. बाहेरच्या जगात असला तर मला ठाऊक नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, आणि गिरणीचा पट्टा सोडून फार लांब गेलेली नाही.

झालं होतं ते असं. व्याही विमानाच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. विमानं जोडण्यात आयुष्य गेलं, स्वतः मात्र विमानात क्वचित बसले, आणि जे विमान पळवलं गेलं त्यात नेमके हे होते. कामासाठी दिल्लीला निघाले होते. बायकोची बहीण दिल्लीला, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. या त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणते. अक्काला तेव्हा दिवस गेलेले होते, पोट चांगलं दिसत होतं. वाटेत एक माणूस उठला. एकटाच. अंगात लोकरी कोट, हातात पिस्तूल. त्याने विमान समुद्रापलीकडे नेऊन उतरवलं. त्याला काय हवं होतं हे आजही कुणाला धड सांगता येत नाही. पुष्कळ वेळ बोलणी झाली, शेवटी त्याने सगळ्यांना सोडलं, स्वतः जिना उतरला, एका गाडीत बसला आणि गेला तो गेलाच. नाव खोटं निघालं, पत्ता खोटा निघाला, आणि त्या देशाने असा कुणी माणूस आमच्याकडे नाहीच म्हणून हात झटकले. तेव्हापासून तो परदेशात मजेत राहतोय अशी बातमी थोड्या थोड्या वर्षांनी येते. देश दरवेळी वेगळा असतो. सापडत मात्र नाही.

तर विमान त्या वाळवंटात उभं असताना आतली गार हवा बंद पडली आणि अक्काला भोवळ आली. जागेवरून कुणी उठायचं नाही असा हुकूम होता. व्याही उठले आणि पाणी मागितलं. त्यावर ते पिस्तूल कानामागे आलं, आणि व्याही म्हणाले, "सरी." कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं, ठीक आहे. बेळगावकडून येऊन बेंगळुरूत मुरलेल्या आमच्यासारख्या माणसांच्या जिभेवर तो शब्द बसलेलाच असतो, मराठी बोलताना मराठी माणसाशीसुद्धा आम्ही सरी म्हणतो. पण पलीकडच्या रांगेत बसलेल्या कुणा प्रवाशाने सुटून आल्यावर पेपरवाल्यांना सांगितलं की बेंगळुरूचा एक इंजिनियर पिस्तूल लागताच 'सॉरी' म्हणून खाली बसला. तसं छापून आलं. झालं. कारखान्यात व्याह्यांचं नाव पडलं सॉरीसाहेब. कॅन्टीनपासून मोठ्या साहेबाच्या खोलीपर्यंत सगळीकडे तेच नाव, आणि निरोपसमारंभात हार घालणाऱ्यानेही तोल जाऊन तेच नाव घेतलं. व्याह्यांनी तो हार काढून त्याच्याच गळ्यात घातला आणि चहा न पिता घरी आले.

एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, "व्याहीबुवा, सॉरी म्हणजे चुकलं आणि सरी म्हणजे बरं. पिस्तूलवाल्याला बरं म्हणण्यात तरी कुठला पराक्रम? दोन्हींत माणूस खालीच बसतो."

दुसऱ्या कुणाला त्यांनी फाटकाबाहेर काढलं असतं. मला म्हणाले, "विहीणबाई, पराक्रम मी कुठे म्हणतो? मी पाणी मागायला उठलो होतो. बायकोसाठी पाणी मागणं ही चूक आहे का?"

"नाही."

"मग चूक नसताना माफी मागणारा मी कोण? बरं म्हणणारा माणूस चुकलेला नसतो. त्याने फक्त ऐकून घेतलेलं असतं. ऐकायचं की नाही ते पुढे तो बघतो."

मग त्यांनी मला सरीचे प्रकार समजावले. ऑटोवाल्याला मीटरने चल म्हटल्यावर तो म्हणतो ती सरी वेगळी, ती ऐकून माणसाने मुकाट्याने दुसरी ऑटो बघावी. हॉटेलातला वाढपी सांबार स्वल्प गरम आण म्हटल्यावर म्हणतो ती सरी वेगळी, त्यानंतर सांबार आहे तसंच येतं. सून म्हणते ती सरी वेगळी. इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सून म्हणजे माझी लेक. मी म्हटलं, "आणि तुमची सरी यांतली कुठली होती?"

"ते ज्याने ऐकली त्याला विचारा," व्याही म्हणाले.

हीच खरी गोम. त्या माणसाला सरकार शिक्षेसाठी शोधतं आहे, आमचे व्याही साक्षीसाठी शोधतात. त्याला फाशी होवो, जन्मठेप होवो, की परदेशात तो सुखाने म्हातारा होवो, यांना सोयरसुतक नाही. फक्त एकदा चारचौघांसमोर त्याने सांगावं की हा माणूस सॉरी म्हणाला नव्हता. दुसरा साक्षीदार म्हणजे अक्का, शेजारच्याच खुर्चीवर होती. पण अक्काला कुणीही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं, "मला भोवळ आली होती. मला काही ऐकू आलं नाही." यावरून व्याही तिच्यावर जितके चिडले तितके पिस्तूलवाल्यावरही चिडले नसतील.

विमानातून सुटून आले त्या दिवसापासून व्याह्यांनी कुणाचीही माफी मागणं बंद केलं. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तर हे त्यालाच विचारतात, "पाय इथे का ठेवलात?" आमच्या मुलांच्या साखरपुड्याला मुलाकडची मंडळी इतकी उशिरा आली की भटजी दोनदा कॉफी पिऊन झाले आणि माझ्या माहेरच्या बायकांनी कुजबुज सुरू केली. मी दारात उभी. व्याही गाडीतून उतरले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "आलो."

मी म्हटलं, "दिसलं."

आमचं पहिलं बोलणं हे. माझा दीर मागे उभा होता, त्याला घाम फुटला. माझे मालक त्याआधीच वारले होते, म्हणून सगळ्या कार्याचा भार दिराने आपल्या डोक्यावर घेतला होता, आणि माझं तोंड हा त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा धोका होता. लग्न नीट पार पडलं. पाठवणीच्या वेळी आपल्यात रीत असते, मुलीकडच्यांनी हात जोडून म्हणायचं, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या. दीर मला कोपराने ढोसायला लागला. "वहिनी, म्हणा. म्हणा ना." मी त्याला म्हटलं, "काय चुकलं? जेवण चांगलं होतं, मुहूर्त साधला, त्यांच्या काकांना दोनदा पान दिलं. न चुकता माफी मागायला मी काय वेडी आहे?" मला हळू बोलता येत नाही. जन्म गिरणीच्या आवाजात गेला. सगळ्या मांडवाने ते ऐकलं. दिराने डोळे मिटून घेतले. व्याही चालत माझ्यापर्यंत आले, नीट माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या मंडळींना म्हणाले, "मुलगी चांगल्या घरातून आणली." तेव्हापासून आमचं जमलं. इतर विहिणी-व्याह्यांचं मानपानावरून बिनसतं, आमचं त्यावरूनच जुळलं.

बसवनगुडीच्या त्यांच्या घरात सॉरी या शब्दाला बंदी आहे. माझी नात सर्जापूर रोडच्या मोठ्या इमारतीत वाढते, तिथली मुलं वाऱ्याला धक्का लागला तरी सॉरी म्हणतात. आजोबांकडे आली की तिची पंचाईत. एकदा तिच्या हातून काचेचा पेला फुटला. "सॉ..." असं तोंडातून निघालं, आजोबांनी मान वर केली, आणि पोरीने घाईघाईने शब्द वळवून "सरी" म्हटलं. घरात पाहुणे बसले होते. पेला फोडून ठीक आहे म्हणणारी नात आणि तिला शाबास म्हणणारा आजोबा पाहून त्यांनी पोहे अर्धवट टाकले.

पिस्तूलवाल्याची खूण म्हणून व्याह्यांकडे एकच गोष्ट होती, आणि ती होती वास. त्याच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. ट्रंकेतून काढून उन्हात न टाकता घातलेला कोट. आता कुणी मला सांगावं, या गावात वासावरून माणूस शोधायचा तर डांबरगोळ्यांइतका निरुपयोगी वास दुसरा कुठला? बेंगळुरूत हवा जरा कुठे गार झाली की सगळे म्हातारे ट्रंका उघडतात, स्वेटर काढतात, कानटोप्या चढवतात, आणि डिसेंबरात गांधी बझार अख्खा डांबरगोळ्यांनी घमघमतो. तोच व्याह्यांचा मोसम. हात मागे बांधून ते संध्याकाळी फिरायला निघत आणि समोरून वयाने जुळणारा माणूस आला की चाल हळू करून नाक पुढे करत. देवळाबाहेर एका निवृत्त न्यायाधीशांचा त्यांनी असा तीन वेळा वास घेतला. न्यायाधीश म्हणाले, "काय हवंय आपल्याला?" व्याही म्हणाले, "आपण कधी परदेशात होतात?" न्यायाधीश म्हणाले, "मुलाकडे, अमेरिकेत." व्याह्यांनी घरी येऊन तपासवाल्यांना फोन लावला. पुढे पुढे तपासवाले त्यांचा फोन उचलेनात. घरात तर डांबरगोळीला थाराच नव्हता. अक्काच्या इरकली साड्या आणि एक गर्भरेशमी पैठणी कसरीने खाऊन चाळण केली. ती चाळण अक्का दर दिवाळीला बाहेर काढून व्याह्यांच्या समोर उन्हात पसरायची. बोलायची काही नाही.

आणि एकदा त्यांनी माझ्या गिरणीत प्रयोग केला. गोंगाटात सरीचं सॉरी ऐकू येऊ शकतं हे त्यांना सिद्ध करायचं होतं. कारखान्यातला एक जुना दोस्त, त्यांना सॉरीसाहेब म्हणण्यात सगळ्यांत पुढे असणारा, त्याला पकडून आणला होता. मी म्हटलं, "व्याहीबुवा, विमान उभं होतं, यंत्र बंद होतं. गोंगाट कुठला?"

"बाहेर त्यांच्या गाड्या चालू होत्या. तुम्ही गिरणी लावा."

मी लावली. दळण घेऊन आलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. व्याही गिरणीच्या तोंडाशी उभे राहिले, मान ताठ केली आणि म्हणाले, "सरी." मग दोस्ताने एकेकीला विचारलं, हे काय म्हणाले? पहिली म्हणाली, मिरी. दुसरी म्हणाली, मला नाही बाई कळलं, माझं दळण आधी होतं. तिसरीने पिशवी पुढे करून सांगितलं, "ज्वारी म्हणाले. माझीच आहे, स्वल्प बारीक दळा." दोस्त इतका हसला की पिठाच्या डब्यावर बसला आणि पांढरा होऊन घरी गेला. व्याह्यांनी मात्र निष्कर्ष काढला. "पाहिलंत, विहीणबाई? एकीलाही बरोबर ऐकू आलं नाही. मग त्या पलीकडच्या रांगेतल्या माणसाला कसं आलं असेल?" असा वाद मला येत नाही. मी ज्वारी दळली.

या माणसाची आणखी एक सवय सांगायची राहिली, ती मला सगळ्यांत आवडते. त्यांच्या फाटकाशी बाहेरच्या अंगाला एक माठ आहे. वर ताटली, ताटलीवर पेला. पोस्टमन, कुरियरवाला, ऑटोवाला, झाडूवाली, कुणीही यावं, प्यावं. माठ रोज व्याही स्वतः धुतात आणि स्वतः भरतात. कुणी फाटकातून पाणी मागितलं तर मात्र रागावतात. "मागता कशाला? ठेवलंय ना? घ्या." फिरायला निघाले तरी खांद्याला पाण्याची बाटली, आणि बाकावर कुणी घामाघूम बसलेला दिसला की न विचारता त्याच्या हातात. गावाला असं पाणी पाजणारा माणूस घरात आला की खुर्चीत बसून म्हणणार, "अगं, जरा पाणी आण." आणि अक्का आणायची. आमच्या पिढीतल्या सगळ्या घरांत असंच होतं, त्यात मला नवल वाटलं नव्हतं. अक्काला काय वाटत होतं ते मला मागाहून कळलं.

यंदा अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी मदतीला बसवनगुडीला जाऊन राहिले. अक्का पाय उशीवर ठेवून दिवाणावर बसलेली, मी लसूण सोलत होते, व्याही पेपर वाचत होते. सकाळची वेळ. फाटकाशी गाडी थांबली आणि दोन अधिकारी आत आले. एक दिल्लीचे, हिंदी बोलणारे. दुसरी इथलीच, कन्नड मुलगी, तिने येता येता माठातलं पाणी घेतलं, त्यामुळे तिच्यावर व्याह्यांची मर्जी बसली. दिल्लीचे साहेब म्हणाले, परदेशात एक म्हातारा सापडला आहे, तोच असावा असा संशय आहे. विमानातली फार थोडी माणसं आता हयात आहेत. तुम्ही फोटो बघून सांगाल का?

व्याही उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडी लावली. मला वाटतं लग्नातही ते इतके नीट उभे राहिले नसतील. साहेबांनी मोठ्या फोनवर फोटो दाखवला. बागेत बसलेला एक म्हातारा, अंगात स्वेटर, समोर कपबशी. व्याह्यांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. मग म्हणाले, "याला वास येत नाही."

"अंकल, फोटो आहे."

"तेच म्हणतोय."

साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याचा चेहरा पाहिला होता ना?"

इतकी वर्षं गांधी बझार पालथा घालणारा, न्यायाधीशाला पकडणारा माणूस चष्मा पुसत राहिला. मग म्हणाले, "तो मागे होता. मी हिच्याकडे बघत होतो. हिचे ओठ पांढरे पडले होते."

लसणाची पाकळी माझ्या हातातच राहिली. तेव्हा मला कळलं की ज्याला हे जन्मभर शोधत होते त्याला यांनी धड पाहिलंच नव्हतं.

कन्नड मुलीने फोन अक्कापुढे धरला. "अम्मा, तुम्ही तर समोर होता." अक्काने फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "हाच, असं मी शपथेवर सांगणार नाही. हा नव्हे, असंही सांगणार नाही. तेव्हा तो पोरगेला होता. घाबरलेला होता. हा घाबरलेला दिसत नाही."

साहेबांनी बरं म्हटलं आणि निघायच्या बेताने विचारलं, "त्या वेळी बोलणं काय काय झालं होतं?"

व्याह्यांना जन्मभर हाच प्रश्न हवा होता. "मी सरी म्हणालो," ते म्हणाले. "स, र, दीर्घ ई. सॉरी नव्हे. तुमच्याकडे चुकीचं गेलंय, ते दुरुस्त करा."

"दोन्हींत फरक काय?" साहेबांनी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सर, खूप फरक आहे. सरी म्हणजे ओके. पण कसं म्हटलं त्यावर आहे." व्याह्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिच्या नावावर घर करतील.

तेवढ्यात अक्का बोलली. "हे सरी म्हणाले, ते खरं आहे."

व्याही गर्रकन वळले. "तुला तर ऐकू आलं नव्हतं."

"आलं होतं. सगळं आलं होतं. तुम्ही सरी म्हणालात आणि बसला नाहीत." मग ती त्या मुलीकडे वळून बोलायला लागली, कन्नडमध्ये, शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तशी. "हे सरी म्हणाले आणि तसेच उभे राहिले, पाण्यासाठी हात पुढे करून. त्याचा हात कापत होता, मला दिसत होतं, यांना दिसत नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या हातात पिस्तूल, आणि हे खांबासारखे उभे. मी यांचा सदरा धरून खाली ओढलं आणि त्याला म्हटलं, सॉरी. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या नळीपुढे यांना काही सुधरत नव्हतं, कुणी ओढलं, कोण काय म्हणालं, यांना कळलंच नाही. त्याने हात खाली घेतला."

फाटकाशी कुणीतरी माठावरची ताटली उचलल्याचा आवाज तेवढा आला.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" व्याही म्हणाले.

"सांगितलं असतं तर माझा तो शब्द परत घ्यायला तुम्ही पुन्हा विमानात चढला असता."

मुलीने ते हिंदीत सांगितलं तसं दिल्लीच्या साहेबांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. मी व्याह्यांकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस फुटतो. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू काहीतरी उजळल्यासारखा झाला, आणि ते साहेबांना म्हणाले, "म्हणजे मी सॉरी म्हणालो नव्हतो."

"नव्हता," अक्का म्हणाली.

"आणि सरी म्हणूनही बसलो नव्हतो."

"नव्हता बसला."

"विहीणबाई, ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हटलं. "गिरणी बंद आहे."

अधिकारी गेले. व्याही त्यांना फाटकापर्यंत सोडून आले, त्या मुलीची बाटली भरून दिली, आणि परत येऊन खुर्चीत बसले. पेपर उचलला, पण वाचत नव्हते, उलटा होता. मग पेपराआडून म्हणाले, "म्हणजे तू माझ्या वतीने म्हणालीस."

"तुमच्या वतीने कशाला? तुम्ही कुठे चुकला होता? मी माझ्या वतीने म्हणाले. मला घरी यायचं होतं."

"चूक नसताना?"

"चूक नसताना. मला लाज वाटली नाही तेव्हा, आजही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन." मग म्हणाली, "तहान मात्र तशीच राहिली. सगळ्या गावाला पाणी पाजता. ज्याच्यासाठी उठला होता ते पाणी काही मला मिळालं नाही."

व्याही उठले. बाहेर गेले, माठातून पेला भरून आणला आणि अक्कासमोर धरला. इतक्या वर्षांत त्या घरात मी हे पहिल्यांदा पाहिलं. अक्काने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे माठातलं गार आहे. ऑपरेशन झालंय मला. कोमट हवं होतं."

"सरी," व्याही म्हणाले, आणि पेला घेऊन स्वयंपाकघरात गेले.

मी म्हटलं, "अक्का, ही कुठली सरी म्हणायची?"

आतून आवाज आला, "विहीणबाई, तुम्ही लसूण सोला."

त्या फोटोचं पुढे काही झालं नाही. त्या देशाने सांगितलं, हा तो नव्हे, आणि असला तरी आम्ही देणार नाही. व्याह्यांनी ती बातमी वाचून पान उलटलं. पुन्हा गारठा पडला तसा गांधी बझार डांबरगोळ्यांनी घमघमला, व्याही फिरायलाही गेले, पण नाक पुढे न करता, सरळ. त्या न्यायाधीशांना नमस्कार केला म्हणे. अक्काच्या ट्रंकेत आता डांबरगोळ्या आहेत. नातीच्या हातून परवा कपाचा कान तुटला, तिने चुकून पूर्ण सॉरी म्हटलं आणि जीभ चावली. आजोबा म्हणाले, "असू दे." साक्षीदार घरातच निघाल्यावर त्यांना बाहेर शोधायला कुणी उरलं नाही. कधी कधी संध्याकाळी ते फाटकाशी माठाजवळ नुसते उभे असतात, कोण येतं ते बघत. मला ते जरा रिकामे वाटतात. मी तसं बोलून दाखवत नाही, कारण बोलले तर भांडतील. तशी मधूनमधून बोलूनही दाखवते.

तो पिस्तूलवाला अजून परदेशात कुठेतरी आहे, सापडलेला नाही. त्या विमानाच्या त्या रांगेतून तीन माणसं जिवंत उतरली. आमचे व्याही, अक्का, आणि अक्काच्या पोटात माझा जावई.